आधी दुसऱ्या चाबीचा छडा लावा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका नोकरदार बाईंनी गेल्या दिवाळीत ओळखीच्या दलालाकडून 2017 सालची, हातगिअरची पेट्रोल गाडी घेतली. चाबी एकच मिळाली. दुसरी आधीच्या मालकाकडून हरवली, असं त्यांना सांगण्यात आलं. घराला गॅरेज नाही, गाडी गल्लीत ओट्याला लागून उभी असते. महिन्यापूर्वी समोरच्या घरची गाडी रात्रीतून गेली आणि काच फुटल्याचा आवाजही कुणाला आला नाही. तेव्हापासून बाईंची झोप उडाली आहे, रात्री उठून उठून त्या खिडकीतून बघतात. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, मी व्हिडिओ बघून पेट्रोल पंपाच्या वायरीत चोरस्विच बसवतो. दीर म्हणतात, गाडी धुणाऱ्या पोराला आधी काढा, त्यानंच खबर दिली असणार. शिवाय विमा आहे, मग काळजी कशाला? बाईंचे प्रश्न असे: पंधरा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे, तर सगळ्यात खात्रीचं उपकरण कोणतं? मुलाला स्विच बसवू द्यावा का? आणि गाडीवर कव्हर घातलं तर उपयोग होतो का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात, माझी नजर मात्र तिथेच अडली. चाबी एकच मिळाली. बाकीचं सगळं पत्र उपकरणांबद्दल आहे. उपकरणांचं मी सांगतोच, पण ज्या गाडीची एक चाबी कुठे आहे हे मालकाला ठाऊक नाही, तिला बाहेरून कितीही कुलपं लावली तरी मूळ भोक तसंच राहतं.

चोर म्हटलं की काच फोडणारा, वायरी जोडून गाडी चालू करणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत ते खरंही होतं. तुमच्या गाडीत मात्र इमोबिलायझर असणार. चाबीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. चाबी फिरवली की गाडी त्या चिपचा कोड वाचते आणि तो ओळखीचा असेल तरच इंजिनला पेट्रोल आणि ठिणगी मिळू देते. नुसता पत्रा कापून बनवलेली चाबी दार उघडेल, पण इंजिन क्षणभर घरघरून बंद पडेल. इग्निशन चालू करताना डॅशबोर्डवर चाबीचं किंवा गाडी-कुलपाचं चित्र असलेला दिवा लागून विझतो का, ते उद्या बघून घ्या. तसा दिवा असेल तर इमोबिलायझर आहे.

म्हणजे तुमची गाडी आवाज न करता न्यायची, तर सरळ रस्ते दोनच. एक, खरी चाबी हातात असणं. दोन, आत शिरून गाडीच्या कॉम्प्युटरला नवी चाबी ओळखायला लावणं. आधी पहिल्याचा बंदोबस्त करू.

गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी, तुमचं ओळखपत्र आणि हातातली चाबी घेऊन जा. तिथे ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावतात. बहुतेक गाड्यांमध्ये किती चाब्या नोंदलेल्या आहेत तो आकडा स्क्रीनवर दिसतो. हा आकडा तुम्ही स्वतः समोर उभं राहून बघा. दोन दिसल्या तर हरवलेली चाबी आजही गाडी चालू करू शकते. दोनपेक्षा जास्त दिसल्या, तर गाडी विकताना तुम्हाला जे सांगितलं गेलं त्यापेक्षा गोष्ट मोठी आहे. आकडा काहीही निघो, एक नवी चाबी बनवून घ्या, जुन्या सगळ्या नोंदी पुसायला सांगा आणि हातातली व नवी अशा दोनच नोंदवून घ्या. हरवलेल्या चाबीची चिप त्या क्षणापासून निकामी होते. गाडीनुसार याला काही हजार रुपये लागतात. तुमच्या पंधरा हजारांतला पहिला खर्च माझ्या मते हाच.

मात्र चिप पुसली तरी त्या चाबीचं पातं तसंच राहतं. तिनं दार अजूनही उघडेल. म्हणून गाडीत पर्स, आरसीची मूळ प्रत, घराची चाबी, चेकबुक यातलं काहीही ठेवायचं नाही. हा धोकाही नको वाटत असेल, तर दाराचं आणि इग्निशनचं कुलूप बदलून मिळतं. ते महाग पडतं आणि तुमच्या बाबतीत ते लगेच हवंच, असं मी म्हणणार नाही.

चाबी घरात कुठे असते, तेही विचारतो. आपल्याकडे दाराशेजारी खुंट्यांची फळी असते, तिच्यावर घरच्या सगळ्या चाब्या लटकतात आणि फळीपासून हातभर अंतरावर गल्लीकडची खिडकी असते. उन्हाळ्यात ती रात्रभर उघडी. काठीला तारेचा आकडा लावून जाळीतून चाबी ओढून नेणं कठीण नसतं. काच न फोडता गाडी जाण्याचा हाही एक मार्ग आहे. आजपासून चाबी आतल्या खोलीतल्या खणात ठेवा. दुसरी चाबी कपाटात, आणि ती दुसरी आहे अशी चिठ्ठी बांधून. रस्त्याकडेच्या चाबीवाल्याकडे, गॅरेजमध्ये किंवा लग्नाच्या हॉलवर गाडी लावणाऱ्या मुलाकडे चाबी द्यावी लागते, तेव्हा गाडीची एकच सुटी चाबी द्या. घराच्या चाब्यांचा जुडगा देऊ नका.

आता दुसरा रस्ता. स्टिअरिंगखाली ज्या सॉकेटला सर्व्हिसवाले स्कॅनर लावतात, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. चोरांच्या टोळ्यांकडेही तसली यंत्रं असतात. दार उघडून आत बसायचं, यंत्र जोडायचं आणि कोरी चाबी नोंदवून घ्यायची, की गाडी त्यांचं ऐकू लागते. या कामाला काही मिनिटं पुरतात. यावर पोर्टवर बसणारं लोखंडी कुलूप मिळतं. ते लावायला हरकत नाही, फक्त सर्व्हिसिंगच्या दिवशी त्याची चाबी आठवणीनं न्यायची. पोर्टची जागाच बदलून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. त्यात मूळ वायरिंग कापावं लागतं.

याच कारणासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांपेक्षा माझा कल साध्या पोलादाकडे आहे. कुठलाही लॅपटॉप, कुठलीही कोरी चिप पोलादाचं कुलूप उघडत नाही. ते कापावं लागतं किंवा ड्रिल करावं लागतं. त्याला वेळ लागतो, आवाज होतो आणि या दोन गोष्टी चोराला परवडत नाहीत.

सगळ्यात खात्रीचं एकच सांगा, म्हणालात, तर मी गिअर लॉक म्हणेन. तो गाडीच्या मॉडेलप्रमाणे येतो. गिअरच्या दांड्याशेजारी कन्सोलच्या आत एक कंस बोल्टांनी बसवतात. चांगल्या कुलपाच्या बोल्टांची डोकी आवळून झाल्यावर मुद्दाम तोडून टाकतात, म्हणजे पाना लावून ते उलटे फिरवताच येत नाहीत. गाडी रिव्हर्सला टाकायची, खटका दाबायचा, की दांडा तिथेच अडकतो. मग कुणी इंजिन चालू केलं तरी गाडी पुढे नेता येत नाही. बसवताना मुलाला शेजारी उभं करा आणि तीन गोष्टी बघायला सांगा. बोल्ट पातळ पत्र्याला न बसवता मजबूत ठिकाणी बसले आहेत ना, सगळे गिअर आधीसारखे सहज पडतात ना, आणि बोल्टांची डोकी खरंच तोडली ना. कुलपाबरोबर चाबीचा नंबर असलेलं कार्ड येतं. ते डॅशबोर्डच्या खणात टाकू नका, घरी ठेवा.

त्याच्या जोडीला स्टिअरिंगला आडवा लावून कुलूपबंद करायचा दांडा घ्या, तो भडक पिवळा किंवा लाल असलेला बरा. त्याची ताकद गिअर लॉकइतकी नाही. दांडा पोलादाचा असला तरी स्टिअरिंगची कडा कापली की तो निघून येतो. पण गिअर लॉक बाहेरून चटकन दिसत नाही आणि हा दिसतो. गल्लीत चार गाड्या उभ्या असताना चोर टॉर्च मारून पुढच्या गाडीकडे वळतो, ते काम या दांड्याचं. हजार-दीड हजाराच्या आसपास बरा दांडा येतो. सियागंज बाजारात किंवा गाडीच्या सामानाच्या दुकानात हातात घेऊन बघा, कुलूप खिळखिळं वाटलं तर तो ठेवून द्या.

ही दोन्ही कुलपं रोज रात्री लावायची. पावसात भिजत आलो, हातात भाजीच्या पिशव्या आहेत, पाच मिनिटांत परत निघायचंय, अशा वेळीच ती राहून जातात. रात्रीचं शेवटचं कुलूप लावायची जबाबदारी घरातल्या एकाच माणसावर टाका. तुम्ही तशाही रात्री उठून बघता. त्यापेक्षा झोपण्याआधी एकदाच जाऊन दांडा हलवून बघा आणि येऊन झोपा.

मुलाच्या चोरस्विचबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कल्पना चुकीची नाही आणि त्याचा उत्साह मोडावा असं मला वाटत नाही. पेट्रोल पंपाची वीज लपवलेल्या स्विचनं तोडली, तर पाइपात उरलेल्या दाबावर इंजिन फार तर क्षणभर चालेल आणि बंद पडेल. चोराला कारण सापडेपर्यंत वेळ जातो. तत्त्व पक्कं आहे. अडचण आहे ती व्हिडिओ बघून ते करण्याची.

पंपाला बऱ्यापैकी करंट लागतो. त्याच्या मुख्य वायरीत हलका स्विच घातला तर तो तापतो, जोड सैल होतो आणि एक दिवस गाडी चालता चालता पंप बंद पडतो. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात, मागे लोड ट्रक असताना इंजिन गेलं तर काय होईल याचा विचार त्याला करायला सांगा. स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेक दोन-चारदा दाबल्यावर दगडासारखा लागतो, कारण त्याला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनमधूनच येतो. जाणकार इलेक्ट्रिशियन म्हणून पंपाच्या मुख्य वायरीला हात लावत नाही, तो रिलेच्या, म्हणजे थोड्या करंटवर पंपाचा मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या ठोकळ्याच्या, कॉइलची वायर तोडतो. कॉइलला अगदी थोडा करंट लागतो, त्यामुळे स्विच तापत नाही. दुसरी गोष्ट, स्टिअरिंगखाली पिवळ्या वेष्टणातल्या वायरी आणि पिवळे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅगचे असतात. त्यांना चाचणीची सुईसुद्धा लावायची नाही. तिसरी, उद्या शॉर्टसर्किट होऊन गाडी पेटली, तर बाहेरून केलेल्या वायरिंगवर बोट ठेवून विमा कंपनी दावा अडवू शकते.

माझं मत विचाराल तर त्यानं वायर कापू नये. त्याऐवजी त्याला एक बिनखर्ची युक्ती शिकवा. बॉनेट उघडून फ्यूजबॉक्सचं झाकण काढायचं. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, त्यात फ्युएल पंपाचा रिले किंवा फ्यूज शोधायचा. रिले दिसायला काळा, काडेपेटीहून लहान चौकोनी ठोकळा असतो. इग्निशन बंद असताना तो सरळ वर ओढला की निघतो. तो खिशात टाकला की गाडीचा पंप बंद. हे रोज करू नका, काढघाल करून खाचा सैल होतात. पण आठ दिवस गावाला जाताना, किंवा अनंत चतुर्दशीला झांक्या बघायला अख्खी गल्ली रिकामी होते त्या रात्री, हा उपाय फार चांगला. तसलाच रिले बरोबर घेऊन आलेला माहितगार चोर यावर मात करू शकतो, म्हणून गिअर लॉक तरीही हवाच. आणि स्विच बसवायचाच असं पुढे ठरलं, तर तो वायरिंगमध्ये मुरलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून, कॉइलच्या बाजूनं, मुलाला शेजारी उभं करून बसवून घ्या. त्याला शिकायलाही मिळेल.

मुलाच्या हातांना खरोखर लायक कामं बरीच आहेत. प्रत्येक चाकाचा एक नट काढून तिथे चोरविरोधी नट लावणं, ओट्यावर माणूस आला की पेटणारा सेन्सरचा दिवा लावणं, गाडीचा सतरा अक्षर-आकड्यांचा चासी नंबर सगळ्या काचांच्या कोपऱ्यात कोरणं. नंबर कोरलेल्या काचा असल्या की गाडीचा नंबर बदलून विकायची तर सगळ्या काचा बदलाव्या लागतात. चाकांच्या नटांची खास चाबी स्टेपनीबरोबर ठेवू नका म्हणावं, नाहीतर चाक चोरणाऱ्याला ती आयतीच मिळते. पण लांबच्या प्रवासाला निघताना ती बरोबर हवी, पंक्चर रस्त्यातही होतं.

गाडी उभी करताना काही फुकटच्या सवयी. तोंड भिंतीकडे, पुढची चाकं पूर्ण वळवलेली. चाबी काढल्यावर स्टिअरिंग हलवून खट् असं लॉक झाल्याचं ऐकायचं. हँडब्रेक ओढायचा आणि गाडी गिअरमध्ये ठेवायची. रिमोट दाबून चालू पडू नका, एकदा हँडल ओढून बघा. सायरनवाल्या अलार्मवर माझा फारसा भरवसा नाही. मांजर बॉनेटवर चढलं तरी तो वाजतो आणि आठवड्याभरात गल्ली त्याच्याकडे लक्ष देणं सोडून देते.

ज्यांच्याकडे बटणावर चालू होणारी गाडी आहे, त्यांच्यासाठी वेगळं सांगायला हवं. त्या चाबीचा सिग्नल घराबाहेरून यंत्रानं पकडून गाडीपर्यंत पोचवता येतो. गाडीला वाटतं मालक शेजारी उभा आहे आणि ती उघडते. चाबीसाठी धातूच्या अस्तराची सिग्नल अडवणारी पिशवी मिळते. ती आणल्यावर चाबी आत ठेवून गाडीला खेटून उभं राहा आणि दार उघडतं का बघा. उघडलं तर पिशवी निरुपयोगी. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा वापरणार असाल तर त्याचीही हीच परीक्षा घ्या. आणि मारुती इकोवाल्यांनी तर गाडीखालीही लक्ष ठेवायला हवं. तिच्या सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, त्यासाठी तो चोरीला गेल्याच्या घटना गुजरातपासून मध्य प्रदेशापर्यंत घडल्या आहेत. तिथे लोखंडी पट्टी वेल्ड करून घेणं उपयोगी पडतं.

ट्रॅकर घ्यावा का? पैसे उरले तर घ्या. सिमवाला जीपीएस ट्रॅकर बॅटरीला जोडलेला असतो आणि गाडी हलली की फोनवर निरोप येतो. वर्षाचं शुल्क भरायला विसरू नका. स्वस्तातला ब्लूटूथ टॅग आसपास दुसऱ्यांचे फोन असतील तरच जागा सांगतो, आणि अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय अशी सूचना चोराच्याही फोनवर जाऊ शकते. ट्रॅकर धातूच्या आड ठेवू नका, सिग्नल मिळत नाही. डॅशबोर्डच्या वरच्या भागातही नको, मे महिन्यात इंदूरच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते आणि त्यातली बॅटरी खराब होते. सीटखाली किंवा मागच्या प्लॅस्टिकच्या आत ठीक. इंजिन दूरून बंद करण्याची सोय असलेला ट्रॅकर मी घेणार नाही, त्याची कारणं स्विचपाशी सांगितलीच. आणि गाडी गेलीच, तर ट्रॅकरवर ठिकाण बघून मुलानं मित्रांना घेऊन मागे जायचं नाही, हे त्याला आजच बजावून ठेवा. ते ठिकाण पोलिसांना सांगायचं.

आता त्या गाडी धुणाऱ्या पोराचं. ताई, इथे मला तुमच्या दीरांशी स्पष्ट असहमत व्हावं लागतं. त्यानं खबर दिली, याला तुमच्या पत्रात एकही आधार नाही. तो पहाटे येतो, सगळ्यांच्या गाड्या रोज बघतो आणि गरीब आहे, एवढंच त्याच्याविरुद्ध दिसतं. ज्याच्याकडे तुमच्या गाडीची दुसरी चाबी असू शकते, असा माणूस वेगळाच आहे. तो दलाल असेल, आधीचा मालक असेल, त्याचा ड्रायव्हर असेल. त्यांच्यापैकी कुणावर माझा आरोप नाही. पण त्यांना कुणी प्रश्नसुद्धा विचारला नाही आणि या पोराचा मात्र रोजगार काढून घ्यायला निघाले, हे मला खटकतं. गल्लीतल्या एका घरानं त्याला चोर म्हणून काढलं की उरलेली घरंही काढतील. मग तो दुसऱ्या गल्लीत गेला तरी ते नाव त्याच्या आधी तिथे पोचेल.

त्याच्याशी व्यवहार स्वच्छ ठेवा. गाडी बाहेरून धुवायची, चाबी द्यायची नाही. आतून साफ करायची असेल तेव्हा घरातलं कुणीतरी समोर उभं राहील. हे त्याला संशयाच्या सुरात सांगू नका, सगळ्यांसाठी नियम आहे म्हणून सांगा. आणि त्याला विश्वासात घ्या. पहाटे साडेपाचला गल्लीत कोण अनोळखी थांबतं, कुणाची गाडी दोन दिवस हललेली नाही, कुठल्या टायरची हवा कमी आहे, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. पोलिसांना काही विचारायचं असेल तर ते त्याला विचारतील, तुम्हालाही विचारतील.

दीरांचं दुसरं वाक्य, विमा आहे. विमा आहे, पण कुणाच्या नावावर? पॉलिसी काढून आज बघा. जुनी गाडी घेतली की आरसी नावावर होते, पण पॉलिसी पुष्कळदा आधीच्या मालकाच्या नावावरच पडून राहते. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचं संरक्षण कायद्यानं गाडीबरोबर तुमच्याकडे येतं. चोरीचं येत नाही. त्यासाठी मालकी बदलल्यापासून 14 दिवसांत कंपनीला लेखी कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. ते राहिलं असेल तर उद्याच अर्ज द्या. आरसी, पॉलिसी आणि आधार या तिन्हींवर नाव सारखं आहे ना, तेही बघा. पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर चोरीचा एक पैसा मिळणार नाही. पूर्ण पॉलिसी असली तरी मिळते ती त्यात लिहिलेली आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीनं धरलेली गाडीची किंमत, तुम्ही दलालाला मोजलेली किंमत नव्हे.

आणि इथे दुसरी चाबी परत येते. चोरीचा दावा करताना कंपन्या दोन्ही मूळ चाब्या मागतात. तुमच्याकडे एकच असेल तर पहिला प्रश्न त्यावरच निघेल. म्हणून दलालाकडून आणि शक्य तर आधीच्या मालकाकडून, गाडी एकाच चाबीसह दिली, असं तारखेसह सहीचं पत्र घ्या. ते देताना आढेवेढे घेतले तर तेही तुम्हाला बरंच काही सांगून जाईल. सर्व्हिस सेंटरमध्ये चाब्या पुसून नव्या नोंदवल्याचं बिल त्याच फाइलला लावा. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशननं मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण प्रमाणपत्रासह बसवलं तर हप्त्यात सूट मिळू शकते. पण जुन्या मोटार टॅरिफमध्ये ती ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्याच्या 2.5 टक्के, तीही जास्तीत जास्त 500 रुपये होती. तेवढ्यासाठी महागडं उपकरण घेऊ नका.

गाडी गेलीच, तर काय करायचं ते आता शांत डोक्यानं वाचून ठेवा. आधी 112 ला फोन, मग लगेच ठाण्यात एफआयआर. ठाण्यात नुसता अर्ज देऊन, शिक्का मारून परत येऊ नका, एफआयआरची प्रत मागा. कलम भारतीय न्याय संहितेचं 303. मध्य प्रदेश पोलिसांच्या संकेतस्थळावर वाहनचोरीची ई-एफआयआरही करता येते. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पोलिसांत तक्रार लगेच दिलेली असेल, तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं आहे. तरी त्यावर विसंबून थांबू नका. फास्टॅग लगेच बंद करू नका, आधी पोलिसांना विचारा. एखादा टोल कापल्याचा मेसेज आला तर गाडी देवासकडे गेली की सेंधव्याकडे, ते त्यावरूनच कळतं. गाडी सापडली नाही तर पोलीस खात्मा रिपोर्ट, म्हणजे छडा न लागता तपास बंद केल्याचा अहवाल, देतात. तो मिळाल्याशिवाय कंपनी सहसा पैसे देत नाही, आणि त्यासाठी ठाण्यात बऱ्याच खेपा घालाव्या लागतात. आरसी, पॉलिसी, चासी आणि इंजिन नंबर, गाडीचे चारी बाजूंचे फोटो, तिच्यावरचे ओरखडे आणि पोचे, हे सगळं आजच मुलाच्या आणि तुमच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

शेवटी कव्हर. धूळ आणि ऊन यांसाठी जरूर घाला. चोरीच्या दृष्टीनं मात्र रात्री घालू नका. कव्हर घातलं की तुमचा पिवळा दांडा दिसत नाही, आणि कव्हराच्या आत टॉर्च लावून बसलेला माणूसही गल्लीतल्या कुणाला दिसत नाही. दिवसा घाला, रात्री काढून घडी करून घरात ठेवा.